विद्याव्ययाचे कागद : मराठवाड्यांतील उच्च शिक्षणाचा खर्च, ऋण आणि फळ

ऐतिहासिक कागदपत्रांचा संग्रह करणारे आमचे मित्र सनदा, महजर, निवाडे, इनामपत्रें, वंशावळी आणि पोथ्या यांचा शोध मोठ्या चिकाटीनें घेतात. एखाद्या वाड्याच्या माळ्यावरून बस्ता खालीं आला, कीं त्यांतील मोडी कागद प्रथम वेगळे काढले जातात, शिक्के पाहिले जातात, आणि उरलेली रद्दी वाण्याकडे किंवा चुलीकडे जाते. त्या रद्दींत मुलाच्या शिक्षणासाठीं काढलेल्या कर्जाचें खत, खाणावळीच्या पैशांची चिठी, वसतिगृहाची पावती असे कागद असतात. त्यांस कोणी ऐतिहासिक म्हणत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही त्यांचीच बाजू मांडणार आहों. असा एक कागद आम्हीं स्वतःच्या हातानें नष्ट केला आहे. तेव्हां ती बाजू मांडण्याचा आम्हांस अधिकार कितपत आहे हें वाचकांनीं ठरवावें. कर्तव्य मात्र आहे असें आम्ही समजतों.

विषयाचा विचार तीन प्रश्नांनीं केला पाहिजे. विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा खर्च किती व कशाचा? तो कोणीं व कोणत्या अटीवर सोसला, म्हणजे दान म्हणून, करार म्हणून कीं कर्ज म्हणून? आणि शिक्षण संपल्यावर हातीं काय आलें? हे तीन प्रश्न पुणें, कोल्हापूर-बडोदें आणि आमचा मराठवाडा या तीन प्रदेशांस लावून पाहिले असतां एक गोष्ट स्पष्ट दिसते. पुष्कळ काळपर्यंत गुरूस किंवा शाळेस द्यावयाचें शुल्क हा खर्चाचा लहान भाग होता. अन्न, निवारा आणि दिवा हा मोठा भाग होता. हा मोठा भाग ज्या प्रदेशांत कोणा राजानें, संस्थेनें किंवा गांवानें उचलला, तेथें विद्या पसरली. जेथें कोणीं उचलला नाहीं तेथें तो शेतजमिनीवर पडला.

१. प्राचीन व्यवस्था

आपल्या परंपरेंत विद्या व ऋण यांचा संबंध फार जुना आहे. मनुष्य जन्मतःच तीन ऋणें घेऊन येतो व त्यांपैकीं ऋषींचें ऋण ब्रह्मचर्यानें, म्हणजे अध्ययनानें फिटतें, असें तैत्तिरीय संहितेंत सांगितलें आहे. येथें शिकल्यामुळें ऋण होत नाहीं; शिकणें हीच ऋणाची फेड आहे. मनुस्मृतीप्रमाणें समावर्तनापूर्वीं शिष्यानें गुरूस कांहीं देऊं नये, नंतर यथाशक्ति द्यावें. आणि वेतन ठरवून शिकविणाऱ्यास तर श्राद्धाच्या पंक्तींतून वगळलें आहे. रघुवंशाच्या पांचव्या सर्गांतील कौत्साची कथा वाचकांस ठाऊक आहेच. वरतंतूनें चौदा विद्यांबद्दल चौदा कोटि मागितल्या. शिष्य राजाकडे आला. राजाचा कोश यज्ञांत रिता झालेला. तरी त्यानें ती रक्कम उभी केली, आणि कौत्सानें देण्यापुरतें घेऊन अधिक घेण्याचें नाकारलें. ही कथा काव्यांतील आहे, पुरावा म्हणून ती पुढें करतां येत नाहीं. तथापि विद्यार्थी ऋणाखालीं आला तर तें फेडण्याची जबाबदारी राज्यावर येते, ही समजूत कवीच्या काळीं श्रोत्यांस पटण्यासारखी होती एवढें तिच्यावरून खास म्हणतां येतें.

पुरावा हवा असल्यास शिलालेखांकडे वळावें. विजापूर जिल्ह्यांतील साळोटगीचा लेख शके ८६७, म्हणजे इ. स. ९४५ चा, राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाच्या अमदानींतला आहे. त्याचा मंत्री नारायण यानें तेथें शाळा बांधली. निरनिराळ्या जनपदांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या निवासासाठीं सत्तावीस घरें, त्यांच्या निर्वाहासाठीं जमीन, दिव्यासाठीं वेगळी जमीन, आणि शिवाय गांवच्या लोकांनीं लग्नमुंजीच्या प्रसंगीं द्यावयाची रक्कम अशी त्यांत तरतूद आहे. चाळीसगांवजवळील पाटणचा लेख डॉ. भाऊ दाजी यांनीं उजेडांत आणला. शके ११२८ च्या या लेखावरून भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें सिद्धान्तशिरोमणि आदि ग्रंथांच्या अध्यापनासाठीं मठ स्थापिला, निकुंभ वंशांतील सोइदेवानें त्यास दान दिलें, आणि बाजारांतील देवघेवीवर व घाण्यांवर मठासाठीं पट्टी बसविली, असें दिसतें. दोन्ही लेखांत विद्यार्थ्याच्या पोटाची व दिव्याच्या तेलाची सोय मोजून केलेली आहे. विद्यार्थ्यानें काय द्यावें याचा उल्लेख नाहीं. दान देणाऱ्यांस खर्च कशाचा असतो हें नीट कळत होतें.

२. पुणें

पुणें प्रांतीं या व्यवस्थेचा वारसा दक्षिणेच्या रूपानें चालत आला. श्रावणांत विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा वांटण्याची चाल सेनापति खंडेराव दाभाडे यांनीं सुरू केली व पुढें पेशव्यांनीं ती वाढविली. इंग्रजी अंमल आल्यावर त्याच निधींतील कांहीं रक्कम वळवून १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत पाठशाळा उघडण्यांत आली. पुढें त्याच पैशांतून मराठी ग्रंथांस बक्षिसें व पदवीधरांस दक्षिणा फेलोशिप मिळूं लागली. न्यायमूर्ति रानडे हे असे फेलो होते. शहरांतील गरीब विद्यार्थी माधुकरी मागत किंवा सात घरीं सात वार लावून जेवत. पाठशाळा, माधुकरी व वार ही सोय एका जातीपुरती होती हें येथेंच नमूद केलें पाहिजे. इतरांस तें दार बंद होतें.

या व्यवस्थेबाहेर राहिलेला खर्च कुटुंबावर पडे. गोपाळ कृष्ण गोखले यांचे वडील १८७९ सालीं वारले, तेव्हां वडीलबंधु गोविंदराव यांनीं शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील ८ रुपये धाकट्या भावास पाठविले. मिळकतीचा निम्म्याहून अधिक भाग एका विद्यार्थ्याच्या जेवणाखाण्यास जात होता. उरलेल्या ७ रुपयांत सारें घर चालत होतें. गोपाळराव १८८४ त बी. ए. झाले व न्यू इंग्लिश स्कुलांत ३५ रुपयांवर शिक्षक झाले. पुढें डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनीं ७५ रुपये वेतनावर फर्ग्युसन महाविद्यालय चालविलें. स्वस्त उच्च शिक्षणाचें पुण्याचें जें रहस्य सांगितलें जातें तें यांत आहे. विद्यार्थ्याच्या अंगावरचा भार अध्यापकानें आपल्या अंगावर घेतला होता. खर्च नाहींसा झाला नव्हता. तो सोसणारा माणूस बदलला होता.

३. कोल्हापूर आणि बडोदें

ज्यांस माधुकरी नव्हती व पाठशाळाही नव्हती, त्यांच्यासाठीं संस्थानिक पुढें आले. कोल्हापुरास १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें. पुढें-मागें जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठीं शाहू छत्रपतींनीं वसतिगृहांस आश्रय दिला. महाराजांनीं महाविद्यालयापेक्षां वसतिगृहांवर अधिक भर दिला, याचें कारण वर सांगितलेल्या सूत्रांत आहे. सातारा जिल्ह्यांत कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि विद्यार्थ्याच्या स्वतःच्या श्रमावर त्याच्या जेवणाची जबाबदारी टाकून दान व कर्ज या दोहोंस तिसरा मार्ग काढला. १९४७ सालीं सातारच्या छत्रपति शिवाजी महाविद्यालयांतही तीच पद्धत आली.

बडोद्याची पद्धत कराराची. डॉ. भीमराव आंबेडकर यांस सयाजीराव गायकवाड यांनीं एल्फिन्स्टन महाविद्यालयांत असतां दरमहा २५ रुपये दिले; १९१३ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठासाठीं दरमहा साडेअकरा पौंडांप्रमाणें तीन वर्षांची शिष्यवृत्ति दिली; अट अशी कीं शिक्षणानंतर दहा वर्षें बडोद्याची नोकरी करावी. १९१७ सालीं ते नोकरीवर रुजू झाले, पण अस्पृश्य म्हणून राहावयास घर मिळेना व कचेरींत मानानें वागणूक मिळेना. अखेर त्यांस बडोदें सोडावें लागलें. करार करतांना विद्येचें फळ निश्चित दिसत होतें. तें समाजानें हातीं पडूं दिलें नाहीं. १९२० सालीं ते लंडनास परत गेले तेव्हां स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचें साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेलें ५,००० रुपये कर्ज अशी तजवीज होती. दान, करार व हातउसनें हे तिन्ही प्रकार एकाच विद्यार्थ्याच्या चरित्रांत सांपडतात. पुढें त्यांच्याच प्रयत्नानें १९४४ सालीं हिंदुस्थान सरकारनें अनुसूचित जातींच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीं शिष्यवृत्ति सुरू केली. तींत परतफेडीची अट नव्हती.

४. निजामी मराठवाडा

आतां आमच्या प्रदेशाकडे वळूं. मुरुड हें आज लातूर जिल्ह्यांत आहे. तो जिल्हा १९८२ सालीं झाला. त्यापूर्वीं आमचें गांव उस्मानाबाद जिल्ह्यांत व १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. ब्रिटिश मुलुखांतील बार्शी येथून जवळ. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद मार्गाची गाडी मुरुडावरून १९११ सालीं लातुरास पोंचली. गाडींत बसून कुर्डुवाडीस गेलें कीं मुंबई-मद्रासची मोठी गाडी मिळे. पण त्या प्रवासांत राज्य बदले, शिक्षणाची भाषा बदले आणि नाणेंही बदले.

भाषेचा विचार प्रथम करूं. हैदराबादचें उस्मानिया विद्यापीठ १९१८ सालचें. देशी भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता यांत संशय नाहीं. मात्र ती भाषा उर्दू होती. मराठी घरांतील मुलास विषय शिकण्याआधीं माध्यम शिकावें लागे, आणि पदवीसाठीं हैदराबाद गांठावें लागे. मराठवाड्यांत औरंगाबादचें इंटरमीजिएट महाविद्यालय तेवढें होतें. गुलबर्ग्याचें नूतन विद्यालय व हैदराबादची विवेकवर्धिनी ही १९०७ सालचीं, औरंगाबादचें सरस्वती भुवन १९१५ चें, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची. स्वामी रामानंद तीर्थ यांचें अध्यापन या हिप्परग्याच्या शाळेंत व नंतर आंबेजोगाईस झालें. या शाळांनीं मराठी शिकविली, पण त्यांच्या पुढची पायरी पुण्यास, नागपुरास किंवा १९४० नंतर सोलापुरास होती.

नाण्याचा मुद्दा नाणकशास्त्राच्या अभ्यासकांस रुचेल. निजामी राज्यांत हाली सिक्का चाले. ब्रिटिश हद्दींत कलदार. विसाव्या शतकांत सात हाली रुपये म्हणजे सुमारें सहा कलदार असा भाव होता. गोखल्यांच्या वेळचे ८ रुपये घेऊन हिशेब करावयाचा तर मुरुडच्या बापास त्यासाठीं ९ रुपये ५ आणे ४ पै हाली मोजावे लागले असते. अर्थात् धान्यही त्यास हालींतच विकावयाचें होतें व दोन्हीकडील भाव सारखे नव्हते; म्हणून सगळा फरक तोटाच होता असें आम्ही म्हणत नाहीं. पण जुन्या वहींत मुलाच्या नांवें पडलेली रक्कम वाचतांना ती हाली कीं कलदार हें पाहिल्याशिवाय पुण्याच्या रकमेशीं तिची तुलना करूं नये, एवढी सावधगिरी संशोधकानें बाळगावी.

१९३८ च्या अखेरीस वंदे मातरम् म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठानें विद्यार्थ्यांस काढून टाकलें. शेंकडों विद्यार्थी नागपुरास गेले. तेथील कुलगुरु टी. जे. केदार यांनीं त्यांस प्रवेश दिला. या चळवळीचा राजकीय इतिहास लिहिला गेला आहे. त्या मुलांचे नागपुरांतील जेवणाचे पैसे कोणत्या शेतावर उभे राहिले, हा इतिहास लिहावयाचा राहिला आहे.

५. विद्याधन कोणाचें?

कुटुंबानें खर्च करून एकास शिकविलें, तर त्याच्या कमाईवर कोणाचा हक्क? हा प्रश्न धर्मशास्त्रकारांनीं विद्याधन या नांवानें चर्चिला आहे. मिताक्षरा ज्या कल्याणी नगरींत लिहिली गेली तें बसवकल्याण आमच्या निलंगा तालुक्याहून फार दूर नाहीं. बाराव्या शतकाच्या सुमारास विज्ञानेश्वरानें तेथें बसून याज्ञवल्क्यस्मृतीवर टीका केली, आणि पितृधनास धक्का न लावतां जें मिळविलें तें मिळविणाऱ्याचें, असा अर्थ लावला. म्हणजे धक्का लावून मिळविलेली विद्या असेल तर तिच्या फळांत भावांचा वांटा आला.

हा वाद शास्त्रांत राहिला नाहीं. १९२१ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें असा निर्णय दिला कीं कुटुंबाच्या पैशावर शिकून सनदी नोकरींत गेलेल्या मनुष्याची कमाई एकत्र कुटुंबाची होय. त्यावर मुकुंदराव जयकर यांनीं विधिमंडळांत विधेयक आणलें व १९३० चा हिंदु विद्याधन कायदा झाला. केवळ कुटुंबाच्या पैशानें शिक्षण झालें एवढ्या कारणानें विद्याधन सामाईक ठरणार नाहीं, असें त्यानें ठरविलें. शिकलेल्या मनुष्याची सुटका झाली हें योग्यच झालें. परंतु ज्या भावानें नांगर धरला त्याचा हिशेब त्या दिवसापासून कायद्याच्या वहींतून पुसला गेला. तो केवळ घरच्या वहींत उरला. घरच्या वहीस आम्ही एवढें महत्त्व देतों तें यासाठीं.

६. १९५० नंतर

पोलिस कारवाईनंतर दोन वर्षांनीं, १९५० सालीं, नांदेडास पीपल्स महाविद्यालय व औरंगाबादेस डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचें मिलिंद महाविद्यालय निघालें. बडोद्याच्या करारावर शिकलेल्या विद्यार्थ्यानें मराठवाड्याच्या भूमीवर इतरांसाठीं वसतिगृहासह महाविद्यालय उभें केलें, ही घटना आम्हांस कौत्साच्या कथेहून मोठी वाटते. १९५८ सालीं मराठवाडा विद्यापीठ, १९६१ त लातूरचें दयानंद महाविद्यालय, १९७० त तेथीलच राजर्षि शाहू महाविद्यालय, आणि १९९४ सालीं नांदेडचें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ असा क्रम आहे. १९५९ च्या सुमारास शिक्षणमंत्री बाळासाहेब देसाई यांच्या कारकीर्दींत आर्थिक दृष्ट्या मागासलेल्यांस शुल्कमाफी मिळाली. वार्षिक उत्पन्न १,२०० रुपयांच्या आंत असणें ही तिची प्रसिद्ध मर्यादा. पुण्यांत १९५५ सालीं निघालेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीनें खेड्यांतील मुलांच्या राहण्याजेवण्याची सोय केली.

आमचें महाविद्यालयीन शिक्षण १९७७ ते १९८२ या काळांत झालें. शुल्क माफ होतें. वसतिगृहांत जागा मिळाली नाहीं. खोलीचें भाडें, खाणावळ आणि संस्कृत ग्रंथ यांसाठीं वडिलांनीं चार एकर कोरडवाहू जमीन मुदतखरेदीनें लिहून दिली व थोरले बंधु शाळा सोडून औताच्या मागें गेले. वडिलांनीं एक वही घातली होती. ती आम्हीं एकदां चाळली होती. महिन्याच्या नांवाखालीं आम्हांस पाठविलेली रक्कम व तिच्यासमोर ती कशांतून आली हें लिहिलेलें असे : ज्वारी, करडई, शेळी, एकदां बैल. नोकरी लागल्यावर आमच्या पगारांतून जमीन सुटली. वडील वारल्यावर वांटण्या झाल्या, आणि घर झाडतांना ती वही आम्हीं इतर रद्दीबरोबर जाळली. त्या वेळीं ती जुनी रद्दी म्हणून जाळली असें आम्हीं स्वतःस सांगितलें. खरें कारण असें कीं तींत बैलाची नोंद होती.

आमच्या पिढीनंतर हिशेबाची मांडणीच उलटली. १९८३ सालीं मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या काळांत विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांस परवानगी मिळाली. जागा वाढल्या, महाराष्ट्राची मुलें परप्रांतांत जाण्याचें थांबलें. पण इतिहासांत प्रथमच शुल्क हें पोटाच्या खर्चास मागें टाकून पुढें गेलें. त्यावर नियंत्रणासाठीं देणगीबंदीचा १९८७ चा कायदा, १९९३ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा उन्नीकृष्णन् निर्णय, त्यानंतरच्या शुल्क समित्या व २०१५ चा राज्याचा कायदा असे उपाय झाले. आमच्याकडे शासकीय संस्था उशिरां आल्या : नांदेडचें अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ त, तेथील वैद्यकीय १९८८ त, लातूरचें वैद्यकीय २००२ त. दांडेकर समितीनें १९८४ सालीं प्रादेशिक अनुशेष मोजला तेव्हां तांत्रिक शिक्षण हें त्यांतील एक खातें होतें, हें ध्यानांत ठेवावें. शासकीय जागा थोड्या, म्हणून त्या मिळविण्यासाठीं लातुरास परीक्षेच्या तयारीची मोठी पेठ वसली. तिलाच लातूर पॅटर्न म्हणतात. महाविद्यालयाच्या दारापर्यंत पोंचण्याचाच खर्च आतां स्वतंत्र झाला आहे.

२००१ सालीं बँकांची शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आली. जुन्या कागदांच्या अभ्यासकांनीं तिचा नमुना एकदां अवश्य वाचावा. आरंभींच्या वर्षांत तिच्या अटी अशा होत्या : ४ लाखांपर्यंत तारण नाहीं, त्यावर ७.५ लाखांपर्यंत त्रयस्थाचा जामीन, त्यापुढें मालमत्तेचें तारण, आईबाप सहकर्जदार, अभ्यासक्रम संपून वर्ष झालें किंवा नोकरी लागून सहा महिने झाले म्हणजे हप्ते सुरू. आपल्या परिभाषेंत हें कर्जखत, जामीनकतबा आणि गहाणखत यांचें एकत्र रूप होय, आणि शेवटीं बँक जो बेबाकी दाखला देते ती आपली फारखती. भेद मोठा एकच : पूर्वींच्या खतावर बापाचें नांव असे, आतांच्या खतावर प्रथम मुलाचें असतें. मनूनें व्याज मुद्दलाहून अधिक होऊं नये असा दामदुपटीचा दंडक घातला होता. येथें शिकण्याच्या वर्षांतही व्याज चढत राहतें. अल्प उत्पन्नाच्या घरांसाठीं २००९ पासून त्या मुदतीचें व्याज सरकारनें भरण्याची योजना झाली, आणि २०२४ सालीं पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली. ती निवडक संस्थांपुरती आहे. त्याच वर्षीं महाराष्ट्र शासनानें ८ लाखांच्या आंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शुल्क माफ केलें. शुल्क माफ झाल्यावर उरतें काय? खोली, खाणावळ आणि दिवा. साळोटगीच्या लेखांतील सत्तावीस घरांचा प्रश्न पुनः दारांत उभा आहे.

फळाविषयीं दोन शब्द. पुण्याच्या पदवीधरास शाळा, वकिली, वृत्तपत्र व सरकारी कचेरी अशीं चार दारें होतीं. बडोद्याच्या करारवाल्यास एक दार निश्चित होतें, पण तें बाहेरून बंद होऊं शके. मराठवाड्यांत १९५० नंतर शाळा वाढल्या आणि पदवीधर शिक्षक झाला, आम्ही त्यांतलेच. ती भरती ओसरतांच १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनांत विद्यार्थी रस्त्यावर आले व नोकरी ही त्यांची मागणी होती. पुढें शिक्षणसेवक ही पायरी आली. पहिलीं तीन वर्षें ठराविक मानधनावर. २०२३ सालीं वाढ होऊन तें प्राथमिकास १६,०००, माध्यमिकास १८,००० व उच्च माध्यमिकास २०,००० रुपये झालें. गोखल्यांच्या ३५ रुपयांशीं याची तुलना रुपयांत करूं नये. पहिल्या पगारांतून शिक्षणाचें ऋण किती महिन्यांत फिटलें असतें, या मापानें करावी. ३५ रुपये म्हणजे भावानें पाठविलेल्या ८ रुपयांच्या चौपटीहून अधिक. आज ४ लाखांचें मुद्दल २०,००० च्या मानधनांत पाहिलें तर एक पै न खातां वीस महिने लागतात, व्याज वेगळें. ज्या प्रदेशांत कारखाने व कचेऱ्या थोड्या, तेथील मुलास हा हिशेब पुण्यास किंवा त्याहून दूर जाऊनच जुळवावा लागतो; कर्ज लातूर जिल्ह्यांतील शाखेंत आणि नोकरी परगांवीं, असें त्याचें रूप होतें.

७. संग्राहकांस विनंति

आमच्या मुरुडाहून जवळच्या तेर येथें रामलिंगप्पा लामतुरे यांनीं शेतांत, ओढ्यांत सांपडणारे मणी, नाणीं व मातीच्या मूर्ति आयुष्यभर वेंचल्या. म्हणून सातवाहनकालीन तगर नगरींतील माणसें काय लेत होतीं हें आज सांगतां येतें. आपल्या आजोबांनीं मुलास कसें शिकविलें हें मात्र सांगतां येत नाहीं. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपांत कित्येक गांवांतील घरें दप्तरांसह मातींत गेलीं. जें उरलें तें आम्ही मंडळीच जाळीत आहों.

म्हणून विनंति अशी कीं बस्ता तपासतांना खाणावळीच्या चिठ्या, मनिऑर्डरीच्या पावत्या, वसतिगृहांचीं हजेरीपत्रकें, शुल्कमाफीचे अर्ज, मुदतखरेदीचीं खतें, बँकेचीं कर्जपत्रें व बेबाकी दाखले बाजूस काढावे. साल, गांव, नाणें, रक्कम कशांतून आली व कोठें गेली, एवढें टिपून ठेवावें. हयात माणसांचीं नांवें झांकावीं. ऋण ही लपविण्याची गोष्ट नसली तरी ती ज्याची त्यानें सांगावयाची गोष्ट आहे. मागच्या वर्षीं आमचा एक जुना विद्यार्थी कर्ज फेडून भेटावयास आला. त्याच्या आईनें बँकेचे सर्व कागद सातबाऱ्यासह पत्र्याच्या पेटींत ठेवले होते. तो म्हणाला, "सर, आतां हे फेकून द्यायला हरकत नाही ना?" आम्हीं ते मागून घेतले. आमच्या संग्रहांतील त्या जातीचे ते पहिले कागद होत.

थोरले बंधु आतां ऐंशीच्या घरांत आहेत. वही जाळल्यावर कित्येक वर्षांनीं त्यांनीं एकदां सहज विचारलें, "बापू, अण्णांची ती वही कुठं ठिवलीस रे?" आम्ही गडबडलों, बैलाचा हिशेब निघणार असें वाटलें. त्यांस हिशेब नको होता. वडिलांचें अक्षर घरांत दुसरीकडे कोठें राहिलें नव्हतें, तें त्यांस पाहावयाचें होतें. वही जाळली हें आम्हीं त्यांस त्या दिवशीं सांगितलें नाहीं. हा लेख छापून आल्यावर वाचून दाखविणार आहों.